बंद दाराचा फोटो

सोनालीवर अन्याय झाला. शनिशिंगणापूरची सोनाली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच देऊन घरी गेलेली, वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी. अन्याय झाला तो तीन उन्हाळ्यांपूर्वी, शनी जयंतीच्या दुपारी, भर बैठकीत, कानाला हेडफोन असताना. करणारं आमचं विद्यापीठ. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं की बाकीची विद्यापीठं हुश्श करतील, आणि तेवढी सवलत मला कुणालाही द्यायची नाही.

आम्हाला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांचा दंडक होता: कुणावर, कधी, कुणी, हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं, कारण चहाच्या टपरीवरचा माणूस दुसरा परिच्छेद वाचत नाही. तर ते लिहून मोकळी झाले. पुढं वाचायचं असेल तर वाचा. पुढं मुख्यतः ऊन आहे.

यंदा वैशाख लागला आणि माझा फोन वाजला. पुणतांब्यात होते, घरी. साठवणीच्या चाळीत कांदा भरायचं चाललं होतं. हाताला कांद्याची टरफलं चिकटलेली, घामात भिजून पुन्हा वाळलेली. पलीकडून एक पोरगी बोलली, "नमस्कार, मी आपल्या विद्यापीठातून बोलतेय. आपली पाच मिनिटं मिळतील का?" आणि मला एकदम सरकी पेंडीचा वास आला. जिथं उभी होते तिथं पेंड नव्हती. पण त्या वाक्याला माझ्यापुरता तोच वास आहे, कारण ते वाक्य मी एक अख्खा उन्हाळा पेंडीच्या पोत्यांवर बसून म्हटलेलं आहे. त्या पोरीच्या आवाजात मुद्दाम ठेवलेलं हसू होतं. ते कसं ठेवतात तेही मला माहीत आहे. ओठ ताणायचे, दात थोडे दिसू द्यायचे आणि मग बोलायचं. समोर माणूस नसताना. भिंतीकडं बघून. तासन्‌तास.

आमच्या जिल्ह्यात वर्ष महिन्यांनी मोजत नाहीत, हंगामांनी मोजतात. उसाचा हंगाम, कांद्याचा, लग्नांचा, राहात्याच्या पेरूचा, यात्रांचा. त्या उन्हाळ्यात कळलं की विद्यापीठांनाही हंगाम असतो. मागण्याचा. पोरं सुट्टीला घरी गेली, वर्गांना कुलपं लागली की तो सुरू होतो.

आम्ही दोघी 'कमवा आणि शिका'तल्या. वर्षभर ग्रंथालयात पुस्तकं लावायची, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायच्या, त्या बदल्यात वसतिगृह आणि मेस माफ. ज्यांच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत अशा पोरी याच वाटेनं शिकतात. त्या वर्षी सुट्टीतही काम दिलं आणि ते घरूनच करायचं होतं. माजी विद्यार्थ्यांना फोन करायचे. आधी आठवणी काढायच्या: कँटीनचा वडा, मैदानाच्या कडेचा कडुनिंब, तुमच्या वेळचे सर. माणूस पाघळला की देणगी मागायची. कशासाठी? मुलींच्या नव्या वसतिगृहासाठी. मोठा आकडा आधी. त्याला नाही म्हणाला तर मधला. त्यालाही नाही म्हणाला तर "आपल्याला जमेल तेवढं, सर." बाजारात गिऱ्हाईक भाव पाडतं. इथं आम्हीच आमचा भाव पाडत पाडत खाली यायचो, आणि तेही हसऱ्या आवाजात.

लोक कसे बोलायचे ते विसरता येत नाही. शिर्डीत लॉज चालवणारे एक गृहस्थ म्हणाले, "बाळ, आमच्याकडं लोक रांगा लावून न मागता देतात. तुमच्या देवाला फोन का करावा लागतो?" एक जण म्हणाला, "मला अजून नोकरी लागलेली नाही ताई, तुमच्याकडं काही असेल तर मलाच पाठवा." काही जणांना आधी आमचं आडनाव हवं असायचं. आडनाव सांगितलं की गाव. गाव सांगितलं की "त्यातल्या कुणाची?" म्हणजे जातीपर्यंत पोचायला तीन प्रश्न. तिथं पोचल्यावर कुणाचा आवाज मऊ व्हायचा, कुणाचा आखडायचा. आम्ही मात्र हसत राहायचं, कारण कॉल ऐकला जात असायचा आणि त्याला गुण मिळायचे.

ऐकायचे समीर सर. आमच्याहून चारपाच वर्षांनीच मोठे असतील. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षानं आमच्यावर नेमलेले, पुण्यात स्वतःच्या फ्लॅटवर बसून काम करणारे. आम्हाला 'गाईज' म्हणायचे. त्यांचा एक नियम होता. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या खोलीच्या बंद दाराचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आतून काढलेला, कडी लावलेली दिसली पाहिजे. देणगीदाराचं नाव, नंबर, आकडा दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून. "बंद दार म्हणजे बेसिक हायजीन आहे, गाईज," असं ते म्हणायचे.

तो ग्रुप माझ्या जुन्या फोनमध्ये अजून आहे. कधी उघडला की नगर जिल्ह्यातली दारं एकामागून एक जातात. हिरव्या ऑइलपेंटचं, साईबाबांचा स्टिकर लावलेलं. पाथर्डीकडच्या एकीचं पत्र्याचं, उन्हानं इतकं तापणारं की कडी लावताना ती ओढणी हाताला गुंडाळायची. संगमनेरच्या एकीचं सनमायक्याचं, मागं बापाचा रेनकोट टांगलेला. माझं सागवानी, पण खालून उंदरानं कुरतडलेलं. त्या फटीतून कोंबडी आत यायची आणि पेंड टिपायची. माणसाचं घर न बघता घरातलं सगळं कळावं, असे ते फोटो होते. कुणाकडं एकच खोली आहे, कुणाच्या दारामागं आजारी माणसाची खाट आहे, सगळं. देणगीदाराची गोपनीयता सांभाळायला आमची रोज सकाळी उघडी पडत होती. हे मला तेव्हाच म्हणायचं होतं, मी म्हटलंही. समीर सर म्हणाले, "व्हॅलिड पॉइंट. नंतर बोलू." ते नंतर अजून यायचं आहे.

पहिल्या दिवशी त्या सगळ्या दारांत एक फोटो वेगळा होता. नुसती लाकडी चौकट. चौकटीत फुलाफुलांचा पडदा, वाऱ्यानं एका बाजूला गेलेला, आणि पलीकडं सरळ रस्ता. रस्त्यावर अंघोळ करून ओल्या अंगानं देवाला चाललेली माणसं, एक उसाच्या रसाची गाडी. खाली सोनालीनं लिहिलं होतं, "माझं दार."

सकाळच्या व्हिडिओ बैठकीत, सगळ्यांसमोरच बोलणं झालं.

"सोनाली, दार लाव आणि परत टाक."

"सर, दार नाहीये."

"तुटलंय?"

"नाही सर. नसतंच."

"नसतंच म्हणजे?"

"आमच्या गावात घरांना दारं नसतात. शिंगणापूर, सर."

समीर सर हसले. "हो हो, ते टीव्हीवर बघितलंय मी. आता खरं सांग."

"खरंच सांगतेय."

"अगं मग बसवून घ्या ना एखादं. प्लायवूडचं मिळतं."

सगळ्या जणी हसल्या. पडद्यावर चौकोनाचौकोनात दात दिसले. सोनालीही हसली. तिला कुणी हसलं की आपणही हसून घ्यायची सवय होती.

इथं मला माझी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी शनी महाराजांची भक्त आहे. मी देव मानत नाही. पुणतांब्यात, शेतकरी संपाच्या आमच्या गावात, पोरं चालायला लागायच्या आत घोषणा द्यायला शिकतात, आणि मी त्यांतली. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाईनं चढायचं की नाही यावरून सोनाली आणि मी एकदा इतक्या भांडलो होतो की रेक्टर मॅडम वर आल्या होत्या. दार नसण्याचंही मला कौतुक नाही. शिंगणापुरात चोऱ्या होतात. नव्या घरांना हळूहळू दारं आलीच आहेत. जुन्या गावठाणातले लोकही रात्री कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला फळी आडवी लावतात. हे सगळं मी तिला फोनवर ऐकवलं. म्हटलं, "बसव दार. परंपरा मोडायची चांगली संधी आहे."

"ए पत्रक," ती म्हणाली. ती मला पत्रकच म्हणायची. "तुमच्या पुणतांब्यात दारं हायेत ना समद्यांना? चोऱ्या थांबल्या का?"

"विषय बदलू नको."

"आईला विचारलं मी. आई म्हणती, दार लावलं म्हंजी समोरच्याला चोर म्हणलं. आपुन कुणाला चोर म्हणायचं, ते सांग आधी."

आज एवढं दिसतं की एका बाजूला ही बाई होती, जिनं आयुष्यभर रस्त्यावरून जाणाऱ्या लाखो अनोळखी माणसांना चोर म्हणायचं नाकारलं. आणि दुसऱ्या बाजूला एक विद्यापीठ होतं, जे आपल्याच पोरींना रोज सकाळी कडी लावल्याचा पुरावा मागत होतं.

मग टेम्पो आला. सोनालीच्या वडलांचा छोटा टेम्पो होता. पहाटेच दुकानांना तेलाचे डबे, नारळ, रुईच्या पानांचे हार पोचवले की तो दिवसभर उभा असायचा. गावात दार असलेली, काच वर होणारी, आतून बंद करता येणारी अशी त्यांची एकच वस्तू, ती म्हणजे त्या टेम्पोची केबिन. सोनालीनं टेम्पोच्या बंद दाराचा फोटो टाकला. समीर सरांनी अंगठा दाखवला. "परफेक्ट!"

मला राग येतो तो इथं. घर चाललं नाही, टेम्पो चालला.

वैशाखातल्या नगरी उन्हात पत्र्याच्या केबिनमध्ये काचा वर करून बसून बघा. काच खाली केली तर रस्त्यावरच्या लाउडस्पीकरचा आवाज कॉलमध्ये जातो आणि तिचे गुण कापले जातात. इंजिन चालू ठेवून पंखा लावावा तर डिझेल जळतं. रेक्झिनची सीट उकळते, मांड्यांना चिकटते. मागच्या हौद्यातून सांडलेल्या तेलाचा, नारळाच्या काथ्याचा, रुईच्या चिकाचा वास पुढं येतो. सोनाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायची. दोन कॉलच्या मध्ये दार उघडून पाय बाहेर टाकायची, चार श्वास घ्यायची आणि परत आत. संध्याकाळी तिचा फोन यायचा तेव्हा आवाज भाजल्यासारखा असायचा. "आज एक काका म्हणाले, बेटा, तुझा आवाज किती शांत आहे, एसीत बसल्यासारखा." आणि ती हसायची. मला हसू यायचं नाही. ती म्हणायची, "अगं, जूनपर्यंत रेटायचं. मग हायेच आपली खोली, आपली लॅब." तिला तेलांचं रसायनशास्त्र शिकायचं होतं. म्हणायची, तेलाच्या गावची हाय, तेलावरच मोठी होईन. तो टेम्पो ती जूनसाठी सोसत होती. काम नीट झालं तर वसतिगृह चालू राहणार, वसतिगृह राहिलं तर तिसरं वर्ष होणार. इतकं सरळ होतं ते.

शनी जयंतीला टेम्पो मिळणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. पहाटेपासून तिचे वडील हार आणि तेल पोचवत फिरत होते. सोनालीनं आदल्या दिवशी सुट्टी मागितली. समीर सर म्हणाले, "टार्गेट वीक आहे, गाईज." तिनं मग आदल्या दिवशीचाच टेम्पोचा फोटो पुन्हा टाकला आणि घरात, पडद्याआड, माठाशेजारी बसली.

तिच्या त्या दुपारच्या कॉलचं रेकॉर्डिंग मी ऐकलं आहे. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पाळी संपल्यावर समीर सरांनी ते बैठकीत लावलं, 'काय करू नये' याचा नमुना म्हणून. सोनाली तेव्हा बैठकीतच होती, कॅमेरा चालू ठेवून.

पलीकडं नाशिकचे एक निवृत्त इंजिनिअर. सोनाली कडुनिंबाबद्दल विचारते. ते म्हणतात, हो हो, आमच्या वेळी रोपटं होतं. लांबून आरतीचा आवाज. मग एकदम जवळून, एका पुरुषाचा, थकलेला:

"ताई, जरा पाणी मिळंल का? पोरगी लई तहानली हाय."

आणि सोनाली, आमची सोनाली, हसरा आवाज, स्क्रिप्ट, गुण, सगळं विसरून:

"घ्या की दादा. माठ तिथंच हाय. गिलास उपडा ठिवलाय बघा."

पाणी ओतल्याचा आवाज. लहान पोरीच्या घटाघटा पिण्याचा आवाज. मग इंजिनिअर साहेब: "कोण आलं गं?"

"यात्रेकरू आहेत सर. माफ करा. आमच्या घराला दार नसतं."

"म्हणजे तू शिंगणापूरची?"

पुढं ते गृहस्थ बराच वेळ बोलत राहिले. कॉलेजात असताना मित्रांबरोबर सायकलीवर शिंगणापूरला गेले होते, रात्री कुणाच्या तरी उघड्या घराच्या ओसरीवर झोपले होते, सकाळी त्या घरच्या बाईनं न विचारता चहा दिला होता, आणि नाव विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. सोनाली मध्ये मध्ये "हो का?" म्हणत राहिली, पण आता खऱ्या आवाजात. शेवटी तिनं काही मागायच्या आत ते म्हणाले, "लिहून घे, पोरी." आणि जो आकडा सांगितला तो स्क्रिप्टमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वरचा होता.

समीर सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. "ऐकलं ना? थर्ड पर्सन रूममध्ये. डोनरची माहिती ओपन. शिवाय जुना फोटो टाकून आपली फसवणूक. ही शिस्तभंगाची केस आहे."

मी माईक चालू केला. "सर, तहानलेल्या पोरीला पाणी दिलं, एवढंच झालंय."

"हा इमोशनल मुद्दा झाला."

"बरं. मग ती देणगी परत करणार का?"

"सॉरी?"

"कॉल नियमबाह्य असेल तर त्यावर मिळालेली देणगीही नियमबाह्य. परत करणार का?"

एकीच्या मागं मिक्सर चालू होता, तो कुणीतरी बंद केला. समीर सर म्हणाले, "तो वेगळा विषय आहे."

सोनालीचा चौकोन तेवढ्यात गेला. आधी मला वाटलं तिनं रागानं बंद केला. नंतर कळलं, तिला वरूनच काढलं होतं. ती म्हणणार होती की टेम्पो नव्हता. वाक्य 'सर, आज' इथपर्यंत आलं होतं.

आठवड्याभरानं मी शिंगणापूरला गेले. घोडेगावच्या फाट्यापासून जीपमध्ये, दोन्ही बाजूंना नांगरून उन्हात टाकलेली काळी ढेकळं. तिचं घर सापडायला त्रास झाला नाही. त्या चौकटीशेजारच्या भिंतीला एक नवं कोरं दार टेकवून ठेवलेलं होतं. बिजागऱ्या लावलेल्या, कडी लावलेली, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न काढलेलं.

तिचे वडील ते सोनईहून टेम्पोत घालून घेऊन आले होते. काढून टाकल्याचं कळलं त्याच संध्याकाळी. ज्या माणसाच्या बापानं, आज्यानं घराला दार लावलं नाही, तो माणूस पोरीच्या शिक्षणासाठी बिजागऱ्या विकत घेऊन आला होता. सुतारालाही बोलावलं होतं. पण त्याआधी त्यांनी समीर सरांना फोन केला. तो फोन काकूंनी, सोनालीच्या आईनं, मला जसाच्या तसा सांगितला. चुलीपुढं बसल्या होत्या, माझ्याकडं न बघता.

"हे म्हणले, साहेब, दार आणलंय. आत्ता बसवतो. उद्या सकाळी फोटू टाकतो. तर त्यो साहेब म्हणला, आता उपेग न्हाई, वर कळवलंय. हे म्हणले, वर म्हंजी कुठं? मी येतो तितं. तर फोन ठिवला त्यानं."

"मग काकू, दार?"

"ऱ्हाऊ दे म्हणलं तसंच. बसवायचं न्हाई आन फेकायचं बी न्हाई. येनारा जानारा इचारतो, हे काय वो? मी सांगते, इद्यापीठानं दिलेलं बक्षीस हाय."

एवढं बोलून काकूंनी भाकरी थापटली ती अशी थापटली की परातीतलं पीठ उडालं.

मी पत्रकांत 'शोषण', 'मुजोर व्यवस्था' असले शब्द सहज लिहिते. तिथं बसून एकही शब्द आठवेना. ज्यांना दार बसवायला सांगितलं त्यांनी ते आणलं. देव, गाव, बापजादे सगळं बाजूला ठेवून आणलं. आणि मग सांगितलं की आता नको. माणसाकडून त्याची सगळ्यात मोठी गोष्ट मोडवून घ्यायची, तो मोडायला तयार झाला की म्हणायचं, राहू द्या. याला काय म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं नाही, आणि मी कुठल्या पत्रकातही वाचलेलं नाही.

जूनमध्ये मी विद्यापीठात परत गेले. माझ्या खोलीत दुसरा पलंग रिकामा होता. गादी गुंडाळून ठेवलेली. सोनालीच्या नावापुढं 'शिस्तभंग' असा शेरा होता, आणि शेरा असला की 'कमवा आणि शिका'त जागा नाही. ते नाही म्हणजे वसतिगृह नाही. मी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कुलसचिवांच्या दाराबाहेर बसले. ते दार नेहमी बंद असायचं. मला सांगण्यात आलं, बाब विचाराधीन आहे. पुढच्या जूनलाही ती विचाराधीनच होती.

आता यंदाच्या फोनकडं येते. कांद्याच्या चाळीत उभी राहून मी त्या पोरीचं सगळं ऐकून घेतलं. ती नवीन होती, अडखळत होती. कडुनिंब झाला, वडा झाला. मग तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, आपल्याला सांगायला अभिमान वाटतो, की शनिशिंगणापूरसारख्या, जिथं घरांना दारंसुद्धा नसतात, अशा गावातून आलेल्या सोनालीला आपल्या विद्यापीठानं घडवलं. अशा अनेक सोनालींसाठी…"

माझ्या हातातली पाटी खाली पडली. कांदे घरंगळत पार बांधापर्यंत गेले.

दार नव्हतं म्हणून जिला काढलं, तिचं दार नसणंच आता विकायला काढलं आहे. नाशिकच्या साहेबांच्या कॉलवरून कुणाच्या तरी लक्षात आलं असणार की ही गोष्ट चालते. पोरगी नको होती. गोष्ट हवी होती. ती ठेवून घेतली.

मी स्वतःला आवरलं. पोरीचा काय दोष? विचारलं, "सोनाली आता कितव्या वर्षाला आहे गं?"

कागद उलटल्याचा आवाज. "ताई, ते स्क्रिप्टमध्ये नाहीये."

मॅडमची ताई झाली होती. मी विचारलं, "तू कुठं बसून बोलतेयस?"

"घरीच."

"घरात कुठं?"

ती एकदम हळू आवाजात, गावच्या बोलीत म्हणाली, "बाथरूममधी, ताई. कडी लागंल असं दार तेवढंच हाय."

कुठल्या गावची ते सांगत नाही. तिच्यामागं नळ ठिबकत होता. मी एवढंच म्हणाले, "घोटभर पाणी पी आणि पुढचा कॉल कर. तुझं काही चुकलेलं नाही."

त्या संध्याकाळी मी सोनालीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आता दुकानात रुईचे हार ओवते, दुपारी गावातल्या पोरांना दहावीचं विज्ञान शिकवते. ऐकून ती आधी जोरात हसली. "म्हंजी मी घडले पण! मला कुणी सांगितलंच न्हाई." मागं दुकानातली घंटा वाजत होती, कुणीतरी तेलाचा भाव विचारत होतं. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "पत्रक, यंदाचा जून शेवटचा हाय, म्हाइती हाय ना तुला?"

माहीत आहे. नियम असा आहे की खंड पडलेल्या विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीतच पुढच्या वर्षाला बसता येतं. यंदा तिला तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नाही, तर आधीची दोन वर्षं बाद. पुन्हा पहिल्यापासून, आणि ते होणार नाही हे तिलाही कळतं. तिनं पुन्हा अर्ज दिला आहे. उत्तर आलेलं नाही.

"मी लिहिते यावर," म्हटलं. "तुझं नाव बदलू का?"

"बदलू नको. त्यांनी न विचारता वापरलंय, तू विचारून वापर." मग म्हणाली, "आन एक, रडकं लिहू नको. मला कुणाची कीव नकोय. मला लॅबमधी जायचंय."

लिहिताना तसा प्रयत्न केला आहे. उन्हाबद्दल जरा जास्त लिहिलं असेल. पण तो टेम्पो मला अजून दिसतो, वर केलेल्या काचा, आतून धरलेली वाफ आणि वाफेतून अर्धवट दिसणारा ओला पंचा. विद्यापीठाच्या नव्या माहितीपत्रकावर मुलींच्या वसतिगृहाचं चित्र आहे, गुळगुळीत कागदावर, बाल्कनीत कुंड्या. त्या इमारतीतल्या किती विटा सोनालीनं त्या केबिनमध्ये बसून मागून आणल्या हे कुणी लिहिणार नाही. तिथल्या एका पलंगावर तिचा हक्क आहे. दयेनं नव्हे, कमवून मिळवलेला.

म्हणून तुम्हाला मागते आहे. मागायला मला शिकवलंच आहे, फक्त हसरा आवाज ठेवणार नाही. तुम्ही कुठल्याही विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असा, तुम्हाला या हंगामात फोन येईल. फोन करणाऱ्या पोरीवर खेकसू नका. तिच्या वरच्या माणसाला फोनवर घ्यायला सांगा आणि त्याला विचारा, तुमच्या पोरी कुठं बसून फोन करतायत. तुम्ही आमच्या विद्यापीठाचे असाल तर, आणि ते तुम्हाला गोष्ट ऐकल्याबरोबर कळेल, एवढंच म्हणा: सोनालीचा शेरा काढा, तिला तिसऱ्या वर्षाला प्रवेश द्या, वसतिगृहात पलंग द्या, याच जूनमध्ये. बघतो म्हणतील. कळवतो म्हणतील. विचाराधीन आहे म्हणतील. तोवर एक रुपयाही देऊ नका, आणि हो म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.